पिंजऱ्यातून सोडवलेल्या कोंबड्या दर हिवाळ्यात पहाटे का दगावतात? आधी काय तपासायचं

"राती दाना खाल्ला, सकाळी पाह्यलं त आडवी. काऊन मरते बा हे?" मार्गशीर्ष लागला की हा प्रश्न सुरू होतो आणि संक्रांत उलटेपर्यंत थांबत नाही. विचारणारे बहुतेक सगळे पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेअर कोंबड्या पाळणारे असतात. शेडमध्ये दीड-दोन वर्षं अंडी देऊन झाली, आता ट्रकमधून कापायला निघाल्या, म्हणून कोणी दहा-पंधरा सोडवून सांदवाडीत आणल्या. पावसाळा नीट निघाला. थंडी पडली आणि एकेक जायला लागली. शेजारची गावरान कोंबडी मात्र त्याच थंडीत निंबाच्या फांदीवर बसून मजेत आहे.

यावर सगळ्यांचा पहिला उपाय एकच असतो. खुराडं चारी बाजूंनी प्लास्टिकने बांधायचं आणि आत शेगडी ठेवायची. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे थंडीपेक्षा या उपायाने जास्त कोंबड्या जातात.

आपली विदर्भातली थंडी कशी आहे ते आधी बघा. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, ती नीचांकी नोंद आहे. एरवी हिवाळ्यात रात्री नऊ-दहा, दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस. चिखलदरा, मेळघाट, गोंदियाकडे आणखी थोडं खाली. एवढ्या थंडीला धडधाकट, अंगभर पिसं असलेली कोंबडी भीक घालत नाही. तिच्या अंगातच ४१-४२ अंश उष्णता असते आणि पिसांखाली ती टिकते. मग पिंजऱ्यातली का मरते? तिच्या अंगावर पिसं नसतात, झोपताना पोट रिकामं असतं आणि ती बसते ती जागा ओली असते. या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की पहाटे चार ते सहाच्या दरम्यान ती संपते. म्हणून तपासणी थर्मामीटरने करू नका, या तीन गोष्टींनी करा.

आधी हे ठरवा की थंडीच आहे ना

मेलेली प्रत्येक कोंबडी थंडीच्या नावावर घालू नका. मान वाकडी, हिरवी हगवण, पंख लुळे असतील तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते. डोळ्यांत फेस, नाकातून पाणी, रात्री घरघर असेल तर श्वसनाचा आजार आहे. तोंड सुजून घाण वास येत असेल तर तो आणखी वेगळा. शेपटी खाली आणि पोट लोंबलेलं, चालताना पाय फाकवते, अशी कोंबडी आतल्या आत अंडं अडकून किंवा फुटून आजारी पडलेली असते. ही तक्रार लेअरमध्ये बारमाही आहे. थंडीत ती लवकर मरते एवढंच. डोळे चमकदार, खायची इच्छा आहे, पण पायावर उभीच राहत नाही, तर तो कॅल्शियमचा प्रश्न. प्रत्येक अंड्याच्या कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाण्यातून कमी पडलं की ती ते हाडांतून काढते. म्हणून या कोंबड्यांना पाय धरून कधी उचलू नका. दोन्ही हातांनी, पंख मिटवून उचला. मांडीचं हाड कट्‌कन मोडतं.

दोन-तीन दिवसांत पटापट अनेक मेल्या तर घरगुती तपासणी तिथेच थांबवा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ वर फोन करा. हिवाळा बर्ड फ्लूचाही असतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. मेलेली कोंबडी नाल्यात फेकणं आणि कुत्र्याला टाकणं बंद करा. खोल खड्डा, वर चुना.

यातलं काहीच दिसत नसेल, एखाद-दुसरी मधूनच आणि नेमकी पहाटेच जात असेल, तर पुढे वाचा.

रात्री आठ वाजता हात लावून बघा

कोंबड्या बसल्यावर टॉर्च घेऊन जा आणि एकेकीची गलोल चाचपा. छातीच्या वर, उजव्या बाजूला दाण्याची पिशवी असते. झोपताना ती भरलेली, लिंबापेक्षा मोठी लागली पाहिजे. सपाट लागली तर ती कोंबडी बारा-तेरा तासांची रात्र उपाशी काढणार आहे. जी सकाळी मेलेली सापडते तिची गलोल रात्री रिकामी होती का, हे एकदा बघून ठेवा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

भांड्यात दाणा असूनही ती उपाशी राहते, त्याची कारणं पिंजऱ्यात आहेत. तिथे तिने जन्मभर फक्त भरडा खाल्ला. ज्वारीचा दाणा ही खायची वस्तू आहे हेच तिला माहीत नसतं. तिची चोच लहानपणी छाटलेली असते, त्यामुळे जमिनीवरचा सुटा दाणा तिला उचलता येत नाही. तुम्ही अंगणात ओंजळभर फेकता, गावरान टिपून नेतात आणि ही नुसती बघत राहते. पाणी ती निपलमधून प्यायलेली असते. घमेल्यात पाणी आहे हे कळायला तिला वेळ लागतो, आणि पाणी कमी पडलं की खाणंही कमी होतं. त्यात ती घोळक्यात सगळ्यात खालच्या पायरीवर असते, म्हणजे इतर कोंबड्या तिला भांड्यापाशी टिकू देत नाहीत.

उपाय सोपे आहेत. भांडं खोल ठेवा, म्हणजे छाटलेल्या चोचीने तिला घास भरता येतो. भांडी दोन-तीन ठेवा, एकमेकांपासून लांब. पहिले काही आठवडे लेअरचं खाद्य चालू राहू द्या आणि त्यात मका-ज्वारीची भरड हळूहळू वाढवा. अख्खा दाणा देणार असाल तर बारीक खडे खायला मिळाले पाहिजेत. पोटात खडे नसतील तर दाणा दळला जात नाही, कारण दात तर नसतातच.

वेळ महत्त्वाची. सकाळचं खाणं कसंही द्या, पण दिवस मावळायच्या तासभर आधी, साडेचार-पाचच्या सुमाराला, मका आणि ज्वारी पोटभर द्या. दाणा रात्रभर हळूहळू पचतो आणि पचताना आत ऊब देतो. शिंपल्याचा चुरा किंवा मार्बलची खडी वेगळ्या वाटीत ठेवा, तीही संध्याकाळी, कारण कवच रात्री तयार होतं. अंगावर पिसं असलेली लेअर दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम खाते. उघड्या अंगाची त्याच्या सव्वापट सहज खाते, म्हणून "एवढं खाऊन अंडं देत नाही" असं म्हणून हात आखडता घेऊ नका. ती अंड्यासाठी खात नाहीये, अंग गरम ठेवायला खातेय.

सकाळचं पाणी कोमट द्या. रात्रीचं गारढोण पाणी त्या चोच बुडवून सोडून देतात.

पिसं का नाहीत, आणि थंडीतच का झडतात

शेडमध्ये दिवसाला सोळा तास उजेड असतो, दिवे लावून. तुम्ही दिवाळीनंतर कोंबडी घरी आणता तेव्हा दिवस अकरा-साडेअकरा तासांचा झालेला असतो आणि डिसेंबरच्या शेवटी तर अकराच्याही आत येतो. उजेड एकदम इतका घटला की तिचं शरीर अंडी थांबवतं आणि पिसं टाकायला घेतं. आधीच पिंजऱ्याच्या जाळीने मान, छाती आणि पाठ घासून निघालेली असते. राहिलेली पिसं ऐन थंडीत गळतात. "आणली तेव्हा बरी होती, इथे आल्यावर उघडी पडली" असं लोक म्हणतात ते खरंच आहे. यात तुमच्या घरचं पाणी लागलेलं नसतं, उजेड कमी झालेला असतो.

दोन गोष्टी करता येतात. उजेड एकदम तोडू नका. साधा नऊ वॅटचा एलईडी खुराड्यात पहाटे लावा आणि दर आठवड्याला अर्धा तास कमी करत जा. पहाटेच लावा, संध्याकाळी नको. रात्री दिवा अचानक गेला, आणि आपल्याकडे लोडशेडिंगचा काय भरवसा, की त्या जिथे असतील तिथेच जमिनीवर बसून राहतात. पहाटेच्या दिव्याने उठून दोन घास खातातही, नेमक्या सगळ्यात थंड वेळी.

दुसरी गोष्ट प्रथिनं. पीस जवळजवळ सगळंच प्रथिनांचं असतं, नुसत्या तांदळाच्या कणीवर आणि कोंड्यावर ते उगवत नाही. सोयाबीन तुमच्याकडे पोत्याने असेल, पण कच्चं देऊ नका, ते पचत नाही. भाजून किंवा उकडून, भरडून द्या. सुकट मिळाली तर उत्तम. जवसाची ढेप थोडी चालते. शेंगदाण्याची ढेप बुरशी नसलेली, कोरडी असेल तरच. आणि सरकीची ढेप गोठ्यात म्हशीसाठी पडलेलीच आहे म्हणून कोंबडीला घालाल तर ते टाळा. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, म्हशीला ते पेलतं, कोंबडीला बाधतं.

नवी पिसं येताना कातडीवर निळसर काड्या दिसतात. त्यात रक्त असतं आणि इतर कोंबड्या त्यावर टोचतात. रक्त निघालं तर ती कोंबडी वेगळ्या डाल्याखाली ठेवा, नाहीतर बाकीच्या तिला सोडत नाहीत. पूर्ण पिसं यायला दोन-तीन महिने लागतात.

विलायतेत अशा कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर घालतात, त्याचे फोटो दरवर्षी फिरत येतात आणि कोणीतरी ताई सुई घेऊन बसतेच. हौस समजते, पण नका घालू. स्वेटर दहिवराने ओला होतो, आत उवा होतात, कोंबडीला अंग साफ करता येत नाही आणि फुटणारी पिसं घासली जातात. तुऱ्याला व्हॅसलिन चोपडण्याचंही तसंच. ते बर्फ पडणाऱ्या मुलखातलं काम आहे. आपल्याकडे तुरा गोठून काळा पडत नाही. काळे-निळे ठिपके दिसले तर देवी आहे का ते बघा.

खुराडं: बंद करायचं पण कोंडायचं नाही

इथे थोडा वेळ घेते, कारण खरी गडबड इथेच होते.

बसलेल्या कोंबडीच्या उंचीला वाऱ्याची झोत नको आणि छताखाली हवा अडायला नको. दोन्ही एकाच वेळी हवं. कोंबडी रात्रभर श्वासातून आणि विष्ठेतून पाणी सोडते. विष्ठेत चारपैकी तीन हिस्से पाणीच असतं. ते पाणी बाहेर जायला वाट नसेल तर तूस ओलं होतं, ओल्या तुसातून अमोनिया उठतो आणि उघड्या अंगाची कोंबडी ओल्यावर बसून काकडते. अमोनियाने तिचं नाक-घसा सोलवटून निघतं, पाठोपाठ सर्दी, मग घरघर. लोक म्हणतात थंडी बाधली. बाधलेली असते ती कोंडलेली हवा.

तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. पहाटे पडदा काढण्याआधी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला हात फिरवा. हात ओला झाला तर हवा कोंडली आहे. मग खाली बसा, नाक कोंबडीच्या उंचीला न्या आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले की झालं. उभ्याने वास घेऊ नका, आणि रोज आत जाणाऱ्या माणसानेही घेऊ नये, त्याच्या नाकाला सवय झालेली असते. बाहेरून आलेल्या कोणाला तरी विचारा. तिसरं, मूठभर तूस घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल आहे. भुरभुर सुटलं तर ठीक.

वाऱ्यासाठी उदबत्ती. रात्री वारा असताना कोंबड्या बसतात त्या उंचीला धरा. धूर सरळ वर गेला पाहिजे आणि छताखाली पोचल्यावर बाहेर ओढला गेला पाहिजे. खालीच आडवा पळत असेल तर भोक शोधा. उत्तरेकडची बाजू आधी बघा, आपल्याकडे थंड वारा तिकडूनच येतो. तुराट्यांच्या कुडाला शेण-मातीने लिंपलेलं नसेल तर तो कूड नावालाच भिंत असतो. जमिनीपासून दोन-अडीच फूट तरी लिंपून घ्या.

पडदे बहुतेक लोक उलटे लावतात. बारदाना वरून खिळा मारून खाली सोडतात. मग वारा खालून फडफडत आत येतो आणि वरची वाट बंद होते, म्हणजे नेमकं हवं त्याच्या उलट. पोल्ट्री शेडमध्ये पडदा खाली पक्का बांधतात आणि दोरीने वर ओढतात. वरचा फूटभर भाग उघडाच राहतो. तुम्हीही तसंच करा. पोती शिवून केलेला पडदा प्लास्टिकपेक्षा चांगला, ओल आत कोंडून ठेवत नाही. उजाडल्यावर ऊन आलं की पडदा खाली. दुपारीही बांधूनच ठेवणारे लोक आहेत. दुपारी अठ्ठावीस अंश असतात हो, कोंबडी आत घामटलेल्या हवेत धापा टाकते आणि रात्री पुन्हा गारठ्यात.

कवेलूच्या छताला वर फटी असतात, ते चांगलंच आहे. टिनाचं छत मात्र रात्री थंड होऊन खाली टपकतं. त्यावर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, थर टाका, नाहीतर आतून पोत्यांचं तक्तपोस करा.

मोठ्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात सहा-सात कोंबड्या ठेवल्या असतील तर तेवढा गोठा त्यांच्या अंगच्या उबेने तापणार नाही. आतच एक बुटकं खोकं करा, तीन फूट उंच, वर फळी, समोरची बाजू उघडी. सगळ्या त्यात शिरून दाटीने बसतील.

खाली धानाचं तूस चार बोटं तरी जाड. भंडारा-गोंदियाकडे ते फुकटात मिळतं. वऱ्हाडात लोक सोयाबीनचं कुटार टाकतात. ते टोचरं असतं आणि उघड्या कातडीला लागतं, त्यापेक्षा गव्हांडा बारीक करून टाका. लांब तणस तसंच टाकू नका. या कोंबड्यांना चारा कधी दिसलेला नसतो, त्या लांब काड्या गिळतात आणि गलोल तुंबते. सकाळीही गलोल भरलेली आणि कणकेसारखी लागली तर हेच झालेलं असतं. तूस दर दोन-तीन दिवसांनी उलथत राहा, ओला भाग उचलून खताच्या खड्ड्यात टाका.

उंचावर बसायला त्यांना येत नाही. आधी फूटभर उंचीवर, तीन बोटं रुंद चपटी बल्ली लावा, म्हणजे पायाची बोटं पोटाखाली झाकली जातात. संध्याकाळी उचलून बसवा, पुन्हा उतरली तर पुन्हा बसवा. काही जणी शिकतच नाहीत. त्यांना तूस भरलेल्या टोपल्यात बसू द्या, हट्ट करू नका.

बल्लीच्या आणि बांबूच्या सांध्यांत रात्री टॉर्च मारून लाल गोचिड बघा. त्या रक्त पितात, आणि रक्त कमी झालेली कोंबडी थंडीत पहिली जाते. कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून खड्डा करून द्या. पिंजऱ्यात जन्म गेला तरी धूळ अंगावर घेणं मात्र त्यांना न शिकवता येतं.

शेगडी, बल्ब, मोहाची आणि बाकीचं

बंद खुराड्यात कोळशाची शेगडी किंवा गोवऱ्यांचा धूर, दोन्ही नाही. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि सकाळी सगळ्याच मेलेल्या सापडतात. मोठा पिवळा बल्ब तुसाच्या जवळ लोंबता ठेवला तर तुराट्यांचं खुराडं पेटायला एक ठिणगी पुरते. लावायचाच असेल तर जाळीत, तारेने पक्का, वायर उंदराच्या दातांपासून लांब. मोठ्या कोंबड्यांना त्याची गरज पडत नाही, पोट आणि जागा ठीक केली तर.

अंगाला तेल चोळू नका, पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत. मोहाची दोन थेंब पाजायचा सल्ला चावडीवर हमखास मिळतो. दारूने अंगातली उष्णता बाहेर जाते, आत राहत नाही; ती माणसांनाच ठेवा. हळद, लसूण घालायचं तर घाला, त्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर ओलं तूस तसंच ठेवू नका. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात ढवळणं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

सकाळी दहिवर वाळल्यावरच बाहेर सोडा, साडेआठ-नऊच्या आत नको. अवकाळीचा पाऊस आला तर उघड्या अंगाच्या कोंबड्यांना आधी आत घ्या. भिजली तर पुसून कोरडी केल्याशिवाय रात्री बाकीच्यांत सोडू नका.

पहाटे गार पडलेली, पण जिवंत सापडली तर

पंखाखाली हात घाला. तिथे नेहमी गरमच लागायला हवं. गार लागलं तर घाई करा, पण तापवायची घाई नको. चुलीजवळ टाकू नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, बाजूला गरम पाण्याची बाटली, तीही कापडात. मान टाकलेली असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. मान उचलायला लागली की चोचीच्या कडेला गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेल्या कोमट पाण्याचे थेंब लावा, ती स्वतः गिळेल. मग मऊ भरडा. त्या रात्री तिला घरातच, डाल्याखाली ठेवा. पाच-सहा दिवस जास्तीचं खाणं मिळाल्याशिवाय परत खुराड्यात नाही. आणि त्याच रात्री बाकीच्या सगळ्यांच्या गलोली चाचपा, कारण एक गार पडली म्हणजे दुसरी रांगेत असते.

अंडी थंडीत कमी होतील किंवा बंदच पडतील. होऊ द्या. अंड्यासाठी दिवे वाढवून त्यांना पुन्हा सोळा तासांवर नेणार असाल, तर सोडवून आणायचं काय कारण होतं?

निवड तुमच्या हातात असेल तर कोंबड्या गणपती-नवरात्राच्या सुमारास आणा. दिवाळीनंतर थोडी थंडी पडेपर्यंत त्यांना खाणं, पाणी, बल्ली शिकायला वेळ मिळतो आणि मार्गशीर्षात निम्मी तरी पिसं अंगावर असतात. पोल्ट्रीवाल्याने डिसेंबरातच शेड रिकामी केली आणि तेव्हाच आणाव्या लागल्या, तर निदान पहिले तीन आठवडे गावरान कोंबड्यांपासून वेगळ्या, घराच्या ओसरीत ठेवा, आणि दवाखान्यात विचारून मानमोडीची लस टोचून घ्या, तुमच्या गावरान कोंबड्यांनाही.